एका ‘नाही’चा माग

२० सप्टेंबर २०२३. नव्या संसद भवनात कामकाज सुरू होऊन दुसराच दिवस होता. लोकसभेतल्या आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेसमोर होतं. दिवसभराच्या चर्चेनंतर चिठ्ठ्या वाटून मतदान झालं. बाजूने ४५४ मतं पडली, विरोधात २.

त्या दोनांतलं एक मत हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी यांचं होतं. दुसरं आपल्या शहराचं. औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी या आरक्षणात वेगळा वाटा ठेवलेला नाही, हा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता.

ते मत बरोबर होतं की चूक, याचा निवाडा मी इथे करणार नाही. तो प्रत्येक मतदाराने स्वतः करायचा आहे. मला मोलाचं वाटतं ते हे, की हा निवाडा करणं आपल्याला शक्य आहे. २०१९ मध्ये या मतदारसंघाने जलील यांना अवघ्या ४,४९२ मतांच्या फरकाने दिल्लीला पाठवलं. चार वर्षांनी त्या माणसाने एका मोठ्या प्रश्नावर नेमकं काय केलं, हे गुलमंडीवरच्या दुकानदारापासून वैजापूरच्या शेतकऱ्यापर्यंत कोणालाही नावानिशी सांगता येतं. संसदेतल्या बहुतेक मतांबद्दल असं सांगता येत नाही, आणि याची कल्पना फार थोड्या लोकांना असते.

आपली समजूत अशी असते की विधेयक मंजूर झालं म्हणजे प्रत्येक खासदाराचं मत कुठेतरी लिहिलं गेलं असणार. प्रत्यक्षात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘हां’ म्हणतात, विरोधातले ‘ना’ म्हणतात, आणि कोणत्या बाजूचा आवाज मोठा हे अध्यक्ष ठरवतात. कामकाजाच्या नोंदीत एवढंच उरतं की प्रस्ताव संमत झाला. आपला खासदार ‘हां’ म्हणाला, ‘ना’ म्हणाला, गप्प बसला की सभागृहातच नव्हता, याचा मागमूस राहत नाही.

अध्यक्षांच्या त्या निर्णयाला एखाद्या सदस्याने आव्हान दिलं आणि मतविभागणी मागितली, तरच नावं कागदावर येतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळात यालाच ‘पोल मागणं’ म्हणतात. लोकसभेत मग साडेतीन मिनिटं घंटा वाजते. उपाहारगृहात, ग्रंथालयात, वऱ्हांड्यात असलेले सदस्य धावत येतात. घंटा थांबली की दारं बंद होतात. आसनापुढच्या कळींतली हिरवी ‘होय’ची, लाल ‘नाही’ची आणि पिवळी ‘मी अलिप्त’ असं सांगणारी. मात्र मागणी अनाठायी आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजता येतात. अशा वेळी आकडा कळतो, नावं कळत नाहीत.

घटनादुरुस्तीला ही पळवाट नाही. राज्यघटनेच्या कलम ३६८ नुसार सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबाही लागतो. आवाजावरून हे ठरवताच येत नाही. महिला आरक्षण साधं विधेयक असतं आणि आवाजी मतदानाने संमत झालं असतं, तर त्या दोन ‘नाहीं’ची नोंद मतांच्या यादीत मिळाली नसती. या मतदानाच्या नेमक्या तीन वर्षं आधी, २० सप्टेंबर २०२० रोजी, राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते. सभागृहात गदारोळ होता आणि विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. ज्या कायद्यांवरून पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि जे शेवटी मागे घ्यावे लागले, त्यांवर महाराष्ट्रातल्या कोणत्या राज्यसभा सदस्याने कसं मत दिलं, याची यादी त्यामुळे उपलब्ध नाही. मला हे लोकशाहीचं मोठं नुकसान वाटतं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणीच्या नावांच्या याद्या १८३६ पासून अधिकृतपणे छापल्या जातात. अमेरिकेच्या घटनेत तर उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागितलं की प्रत्येकाचं मत नोंदवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे असा ठाम हक्क सदस्यांनाही नाही, मग मतदारांची गोष्ट लांबच.

नाव नोंदलं गेलं तरी पहिल्या आकड्यावर विसंबू नये. १७ डिसेंबर २०२४ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडू द्यावं की नाही यावर मतविभागणी झाली. नव्या भवनातल्या लोकसभेत यंत्राने मतदान होण्याची ती पहिलीच वेळ. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा झळकला. ज्यांचं मत नोंदलं गेलं नव्हतं किंवा चुकीचं पडलं होतं, त्यांना चिठ्ठ्या देण्यात आल्या, आणि अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. दूरचित्रवाणीवर पहिला आकडा पाहून उठलेल्या माणसाच्या मनात चुकीची नोंद राहिली. पक्कं वाचायचं ते दुरुस्तीनंतरच्या कामकाजाच्या वृत्तांतातून.

समजा, यादी हाती आली आणि आपल्या खासदाराच्या नावापुढे ‘नाही’ दिसलं. पुढे काय? इथे मला एका वेगळ्या ‘नाही’ची गोष्ट सांगायची आहे. ती या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मी मानतो.

महिला आरक्षणाचं विधेयक २०२३ च्या आधीही एकदा एका सभागृहात संमत झालं होतं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केलं. ते एकमेव विरोधी मत महाराष्ट्रातून गेलेल्या सदस्याचं होतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा स्वतंत्र भारत पक्षाचे खासदार म्हणून राज्यसभेत होते. १८६ जणांच्या समोर एकटा माणूस, आणि विषय महिलांचा. नुसता तक्ता पाहणारा कोणीही म्हणेल, हा बायकांच्या हक्काचा वैरी.

आता त्याच माणसाचं उरलेलं काम पाहा. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं, ते शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने. त्यानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, सातबाऱ्यावर तिचं नाव यावं, असा तो आग्रह होता. ज्या घरात सातबाऱ्यावर नाव चढणं म्हणजे काय हे माहीत आहे, त्या घरात या गोष्टीचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जोशींचा विरोध महिलांना जागा मिळण्याला नव्हता. सोडतीने जागा ठरवायच्या आणि त्या फिरत्या ठेवायच्या, या पद्धतीला होता.

मत हे एका शब्दाचं असतं. त्यामागचं कारण भाषणात असतं, पक्षाच्या आदेशात असतं, कधी वीस वर्षांच्या कामात असतं. म्हणून मतांची यादी आणि त्याआधीची चर्चा एकत्र वाचायला हवी. जोशींचं मत आणि जलील यांचं मत तक्त्यात सारखंच दिसेल, पण दोघांचा आक्षेप पूर्ण वेगळा होता. तो ज्याला पटेल त्याला पटेल. निदान आपण कशाशी असहमत आहोत हे तरी कळलं पाहिजे.

पक्षाच्या आदेशाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. आपण तिला पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. पक्षाने व्हीप, म्हणजे पक्षादेश, काढला आणि सदस्याने परवानगी न घेता त्याच्या उलट मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर त्याची जागा जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच तो वाचतो. ‘आयाराम-गयाराम’ थांबावेत म्हणून हा कायदा आला. त्याची किंमत अशी, की व्हीप असताना पडलेलं मत हे खासदाराचं किती आणि पक्षाचं किती, हे ओळखणं अवघड झालं. दोनच खासदार असलेल्या पक्षात प्रश्न फारसा येत नाही. मोठ्या पक्षात मात्र आपल्या खासदाराचं मत बरेचदा मुंबईत किंवा दिल्लीत ठरलेलं असतं.

आपल्याच मतदारसंघातलं याचं उदाहरण आहे. २० जुलै २०१८ रोजी मोदी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३२५ विरुद्ध १२६ मतांनी फेटाळला गेला. चंद्रकांत खैरे तेव्हा आपले खासदार होते, १९९९ पासून सलग चौथ्यांदा निवडून आलेले. लोकसभेत शिवसेनेचं प्रतोदपद त्यांच्याकडेच होतं. सरकारच्या बाजूने मत देण्याचा व्हीप निघाल्याच्या बातम्या आदल्या दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी शिवसेनेने कामकाजातच भाग घ्यायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे त्या मतदानात औरंगाबादचं मत बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. हजेरीचा तक्ता पाहणाऱ्याला वाटेल, खासदार गैरहजर राहिले. ती गैरहजेरी म्हणजे सत्तेत राहूनही सरकारवर नाराज असलेल्या पक्षाने जाहीरपणे घेतलेली भूमिका होती. काही वेळा रिकामी खुर्चीच सगळ्यात जास्त बोलते, आणि नेमकी तीच आकड्यांत सापडत नाही.

व्हीप कोणाचा, हा प्रश्न तर या जिल्ह्याने सगळ्यांत जवळून पाहिला. शिवसेना फुटल्यावर ४ जुलै २०२२ रोजी विधानसभेत शिरगणती होऊन एकनाथ शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला. जिल्ह्यातल्या शिवसेनेच्या सहा आमदारांपैकी संदिपान भुमरे, अब्दुल सत्तार, संजय शिरसाट, प्रदीप जैस्वाल आणि रमेश बोरनारे हे पाच शिंदे यांच्याबरोबर होते. कन्नडचे उदयसिंह राजपूत उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. ज्या सोळा आमदारांविरुद्ध सुरुवातीला अपात्रतेच्या याचिका झाल्या, त्यांत या एका जिल्ह्यातले चार होते. एका पक्षात दोन प्रतोद उभे राहिले, ठाकरे यांच्या बाजूचे सुनील प्रभू आणि शिंदे यांच्या बाजूचे भरत गोगावले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा होती. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी दोन्हीकडच्या कोणत्याच आमदाराला अपात्र ठरवलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी भुमरे लोकसभेवर निवडून आले, १,३४,६५० मतांच्या फरकाने.

भुमरे पैठणचे. पैठण याच जिल्ह्यात आहे, पण औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात नाही. पैठण, फुलंब्री आणि सिल्लोड हे विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतात. आपल्या वाट्याला कन्नड, गंगापूर, वैजापूर आणि शहराचे मध्य, पूर्व, पश्चिम असे सहा येतात. बिडकीनच्या माणसाने औरंगाबादच्या खासदाराला जाब विचारायला जाऊ नये, त्याचा खासदार जालन्याचा. माग काढायला बसण्याआधी आपली मतदारयादी उघडून एवढं पक्कं करून घ्या.

मतांखेरीज जे मोजलं जातं, त्यात हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयकं येतात. दिल्लीतली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून काम करते आणि प्रत्येक खासदाराचे हे आकडे देशाच्या सरासरीशेजारी ठेवून दाखवते. फार उपयोगी काम आहे. मात्र प्रत्येक रकान्यामागे एक गोष्ट असते, ती माहीत हवी. हजेरी म्हणजे त्या दिवशी केलेली उपस्थितीची नोंद. नोंद करून दहा मिनिटांत बाहेर पडलेला आणि रात्रीपर्यंत बसलेला, दोघे तक्त्यात सारखेच. मंत्री ही नोंद करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, कारण उत्तरं त्यांनीच द्यायची असतात. जालन्याचे रावसाहेब दानवे २०१९ ते २०२४ केंद्रात राज्यमंत्री होते, शेवटची तीन वर्षं रेल्वे खात्याचे. सिल्लोडच्या एखाद्या तरुणाने त्या काळाचा तक्ता उघडला तर त्याला आपल्या खासदाराच्या नावापुढे हजेरी दिसणार नाही आणि प्रश्नही दिसणार नाहीत. तो चिडेल, आणि त्याचं चिडणं चुकीच्या गोष्टीवर असेल. मंत्र्याला तपासायचं तर त्याच्या खात्याचं काम तपासावं लागतं. आपल्या शहरातून २०२० मध्ये राज्यसभेवर गेलेले भागवत कराड २०२१ ते २०२४ अर्थ राज्यमंत्री होते, त्यांनाही हेच लागू.

प्रश्नांची संख्या हा सगळ्यांत फसवा आकडा. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. किती प्रश्न विचारले याची स्पर्धा लागली की मुद्दा हरवतो. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचं छुप्या कॅमेऱ्याने उघड केलं आणि २३ डिसेंबरला अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांतले दोघे महाराष्ट्राचे होते, जळगाव आणि एरंडोलचे. आकड्यांच्या तक्त्यात ते प्रश्नही इतर प्रश्नांच्या रांगेत बसलेच असते. म्हणून किती यापेक्षा कोणते प्रश्न, हे पाहायला हवं. औरंगाबादच्या खासदाराच्या प्रश्नांत मनमाडपासूनच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाचं काम किती झालं हे येतं का? अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची देखभाल येते का? जायकवाडीवरच्या पाण्याच्या वाटपात केंद्राची बाजू येते का? मंत्र्याचं उत्तर मिळाल्यावर सहा महिन्यांनी तोच धागा पुन्हा पकडला गेला का? हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चिकाटी हा गुण कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही, पण एकापाठोपाठ एक उत्तरं वाचली की तो दिसतो, किंवा त्याचा अभाव दिसतो.

खासगी विधेयकांबद्दल एवढंच, की स्वातंत्र्यापासून आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. ती मांडण्यामागचा हेतू कायदा करण्यापेक्षा विषयाला तोंड फोडण्याचा असतो.

आणि खासदार निधी. क्रांती चौकातल्या फलकांवर याचाच गजर असतो: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आता वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. काम खासदार सुचवतो आणि मंजुरी-अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. औरंगाबाद मतदारसंघात वीस लाखांवर मतदार आहेत. भागाकार करा, एका मतदारामागे वर्षाला पंचवीस रुपयेही पडत नाहीत. या पंचवीस रुपयांवरून आपण खासदाराचं मोल ठरवतो, आणि देशाचे कर, शिक्षण, शेती, नागरिकत्व ठरवणारी त्याची मतं विचारतही नाही. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात पाण्याचा राग खासदारावर निघणं मी समजू शकतो. पण नळाचं पाणी महापालिका आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतलं आहे. खासदाराला पाण्याबद्दल विचारायचं असेल तर केंद्राच्या योजनेतून आलेल्या पैशाबद्दल विचारावं. तिथे त्याला उत्तर देणं भाग आहे.

यासाठी फार काही लागत नाही. एक दोनशे पानी वही पुरते. एका पानावर नोंदलेली मतं: तारीख, विषय, आपल्या खासदाराचं मत, व्हीप होता का. दुसऱ्या पानावर प्रश्न आणि उत्तरं. तिसऱ्यावर भाषणं, तेही संसदेच्या वृत्तांतातून शब्दशः, बातमीतून नव्हे. लोकसभेच्या चर्चा १९५२ पासून संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १९५७ मध्ये इथून निवडून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ, १९७७ चे बापू काळदाते, १९८० चे उर्दू कवी काझी सलीम, यांची भाषणंही तिथे वाचता येतात. आजच्या खासदाराला मोजायचं मापही तिथूनच मिळेल. अधिवेशन संपलं की आठवड्यात एक संध्याकाळ दिली तरी वही पुरी होते. चार-पाच मित्रांनी वाटून घेतलं तर एखादा तास.

शोधताना एक अडचण येईल. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव २००८ च्या परिसीमन (मतदारसंघ फेररचना) आदेशाप्रमाणे औरंगाबाद असंच आहे. नव्या नावाने शोधलं तर हाती काही लागणार नाही.

महिला आरक्षण प्रत्यक्षात लागू झालं की वहीचा प्रश्न नव्याने उभा राहील. २०२३ च्या कायद्यात लिहिलं आहे की आरक्षण जनगणना आणि त्यानंतरच्या परिसीमनानंतर लागू होईल, आणि राखीव जागा प्रत्येक पुढच्या परिसीमनानंतर फिरतील. जोशींचा आक्षेप या फिरण्यावरच होता. जागा फिरली की ज्या खासदाराचा हिशेब आपण ठेवला, तो किंवा ती त्याच मतदारांपुढे पुन्हा उभी राहीलच असं नाही. नव्या कायद्यात दोन परिसीमनांच्या मध्ये एकापेक्षा जास्त निवडणुका येऊ शकतात, त्यामुळे धोका कमी झाला आहे, गेलेला नाही. मतदारसंघाची हद्दही तेव्हा बदलू शकते, पैठण आपल्याकडे येऊ शकतं, गंगापूर जाऊ शकतं. म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर कोणा खासदाराचं नाव घालू नका. माझ्या वहीवर निवडणूक आयोगाच्या नोंदीप्रमाणे एवढंच लिहिलं आहे: ‘१९, औरंगाबाद’.